प्लगिन फुकट, फाटक विकत : होस्टिंगच्या दरपत्रकाचं एक वाचन

मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

या मालेच्या संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "आम्हाला एका दरपत्रकावर बोलायचं आहे." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी जरा सावधपणे विचारलं, "कुठल्या दरपत्रकावर?" संकेतस्थळांच्या होस्टिंगच्या, असं सांगितल्यावर ती शांतता आणखी लांबली. तरीही त्यांनी बोलावलं, याबद्दल त्यांचे आभार.

'आम्ही' म्हणजे चौघं जण. आपापल्या नोकऱ्या सांभाळून लहान संस्थांची संकेतस्थळं उभी करून देतो आणि, जे त्याहून अवघड असतं ते, सांभाळतो. वाचनालयं, एक हौशी नाट्यसंस्था, दोन शाळांचे माजी विद्यार्थी संघ, असा आमचा गोतावळा. आज बोलतोय एक जण, पण म्हणणं चौघांचं आहे, म्हणून 'आम्ही'.

आता समीक्षेचा आणि दरपत्रकाचा संबंध काय? आमच्या मते दरपत्रक हा एक मजकूरच असतो. काय ठळक छापायचं, काय बारीक अक्षरात टाकायचं, कुठल्या गोष्टीला काय नाव द्यायचं, हे सगळं कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. कवितेवर आपण तासभर बोलतो आणि दरपत्रक खाली सरकवत अर्ध्या मिनिटात संपवतो. खिशातून पैसे मात्र दुसऱ्याच मजकुरामुळे जातात.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. निवृत्त शिक्षक. म्हणाले, "अहो, हे प्लगिन म्हणजे नक्की काय प्रकरण आहे? आमचा सगळा गाडा तिथंच अडलाय."

प्रकरण असं होतं. वाचनालयाची साइट एका सेवेच्या फुकट प्लॅनवर नऊ वर्षं चालू होती. नव्या पुस्तकांच्या याद्या, व्याख्यानांची निमंत्रणं, वार्षिक अहवाल, गावातल्या जुन्या लेखकांवरची टिपणं, अशा सातशेहून जास्त नोंदी. कुणीतरी रात्री जेवणं झाल्यावर बसून टाईप केलेल्या. आता त्यांना सभासदांची वर्गणी साइटवरूनच घ्यायची होती. सभासद सत्तरीचे, मुलं पुण्या-मुंबईला किंवा त्याहूनही लांब, आणि वर्गणी भरणारी तीच. कार्यवाहांच्या पुतणीनं शोधून काढलं, की वर्गणी घेण्यासाठी तयार प्लगिन मिळतं, तेही फुकट. सगळे खूश झाले. पण तिनं ते लावायला घेतलं तेव्हा 'इन्स्टॉल'च्या जागी 'अपग्रेड' असं बटण आलं. पहिला सशुल्क प्लॅन घेऊन भागत नव्हतं, दुसराही घेऊन भागत नव्हतं. तिसरा घ्यायचा, आणि त्याचे वर्षाला वीस हजारांच्या पुढं.

कार्यवाह म्हणाले, "तेवढ्यात आमच्या अर्धवेळ ग्रंथपालबाईंचं तीन महिन्यांचं मानधन निघतं. आणि प्लगिन फुकट आहे असं त्यांनीच लिहिलंय. मग आम्ही पैसे द्यायचे ते नेमके कशाचे?"

आजचं आमचं सगळं बोलणं या एका प्रश्नावर आहे.

प्लगिन म्हणजे काय, हे इथे अनेकांना माहीत असेल, तरी दोन वाक्यांत सांगतो. साइट चालवणारा मूळ प्रोग्राम आपल्या कामाच्या वाटेवर ठिकठिकाणी खुंट्या ठोकून ठेवतो. लेख दाखवण्याआधी एक खुंटी, दाखवल्यावर एक, प्रतिक्रिया आली की एक. बाहेरच्या कुणीही आपली पिशवी त्या खुंटीला अडकवायची. मूळ प्रोग्राम तिथे पोचला की पिशवीत काय आहे ते बघतो, आणि ते काम करून पुढे जातो. पिशवी म्हणजे प्लगिन. मूळ भिंतीला हात न लावता घरात नवी सोय करायची ही युक्ती.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरून चालू. वाचनालय कुठल्या सेवेवर होतं ते आम्ही सांगणार नाही. उदाहरण घेऊ वर्डप्रेसचं. एक तर डब्ल्यूथ्रीटेक्सच्या मोजणीप्रमाणे जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळं त्याच्यावर चालतात. दुसरं म्हणजे त्याचा इतिहास बऱ्यापैकी उघड्यावर घडलेला आहे.

बी-टू नावाचा एक ब्लॉग लिहिण्याचा प्रोग्राम होता. त्याचं काम थंडावलं. मग मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी त्याची प्रत घेऊन पुढे काम सुरू केलं, आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. दोघांना हे करता आलं, कारण बी-टूचा परवाना जीपीएल होता. म्हणजे प्रोग्राम कुणीही चालवावा, उघडून बघावा, बदलावा, वाटावा. अट इतकीच, की पुढे वाटताना घेणाऱ्याला हेच सगळे हक्क द्यायचे. वर्षभरात, मे २००४ मध्ये, १.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यात प्लगिनची सोय झाली, म्हणजे खुंट्या आल्या. वर्डप्रेसबरोबर हॅलो डॉली नावाचं एक प्लगिन वर्षानुवर्षं यायचं. ते एका गाण्याच्या ओळी कोपऱ्यात दाखवतं, बाकी काही करत नाही. पण त्याची फाईल उघडून शेकडो जण प्लगिन लिहायला शिकले असतील. आमच्यातला एक जण तर तसाच शिकला.

आज वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या भांडारात पन्नास हजारांहून जास्त फुकट प्लगिन्स आहेत. बरीचशी एकेकट्या माणसांनी लिहिलेली.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले असल्यानं तिकडच्या लोकांना ते सारखं समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे ती अडचण नाही. आपल्याकडे 'मुक्त' वेगळं आणि 'फुकट' वेगळं. वर्डप्रेस मुक्त आहे. ते फुकटही मिळतं, पण तो भाग दुय्यम. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गडबड या दोन शब्दांच्या मधल्या फटीत होते.

२००५ मध्ये मलनवेग यांनी ऑटोमॅटिक ही कंपनी काढली आणि तिची वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा सुरू झाली. डॉट ऑर्गवरून प्रोग्राम उतरवून घ्या आणि स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालवा, की सगळी प्लगिन्स तुमची. डॉट कॉमवर या, की सर्व्हर, डागडुजी, सुरक्षा सगळं ते बघतील, पण घर त्यांचं आणि नियमही त्यांचे. आपल्याकडे २००६ नंतर मराठी ब्लॉगांची जी लाट आली, त्यातले कितीतरी ब्लॉग या डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर होते. नावाच्या शेवटची तीन अक्षरं सोडली तर दोन्हीचं नाव एक. लोकांना वाटायचं, वर्डप्रेस मुक्त आहे आणि आपण वर्डप्रेसवर आहोत, म्हणजे आपणही मुक्त आहोत. खरं तर आपण फुकट होतो.

(हशा)

हसू नका, आम्हीही त्यातलेच.

आता कुणी विचारेल, मुक्त प्रोग्रामला असं कुंपण घालता येतं का? येतं, आणि ते कायदेशीर आहे. जीपीएलची अट लागू होते ती प्रोग्राम वाटताना. तुम्ही तो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून लोकांना नुसता वापरायला दिलात, तर प्रत कुणाला दिलीच नाही, मग अटही लागत नाही. ही पळवाट बुजवणारा एजीपीएल नावाचा परवाना आहे, पण वर्डप्रेसला तो नाही. असायला हवा होता का, यावर आमच्या चौघांत दोन तट आहेत. तो वाद चहाच्या वेळी.

तर आता दरपत्रक उघडू. कुठल्याही होस्टिंग कंपनीचं घ्या, साचा एकच. चार-पाच उभे रकाने. त्यातला एक बाकीच्यांपेक्षा किंचित उंच, रंगीत, त्याच्या डोक्यावर 'सर्वाधिक पसंती'ची पट्टी. किती जणांची पसंती, कधी मोजली, ते लिहिलेलं नसतं. ठळक आकडा महिन्याचा, पण पैसे घ्यायचे वर्षाचे एकदम, कधी तीन वर्षांचे. खाली टिकमार्क आणि फुल्या.

पण आम्हाला जास्त बोलायचंय ते रकान्यांच्या नावांवर. वर्डप्रेस डॉट कॉमवर अनेक वर्षं ती अशी होती: फ्री, पर्सनल, प्रीमियम, बिझनेस आणि ई-कॉमर्स. नीट बघा. ही नावं सेवेची नाहीतच, ती गिऱ्हाइकाची आहेत. जागा किती, गर्दी किती झेपेल, हे नावात नाही. तुम्ही कोण, ते नावात आहे. व्यक्ती असाल तर इकडं उभे राहा, धंदा असेल तर तिकडं.

मग आमचं वाचनालय कुठल्या रकान्यात बसतं? ते व्यक्ती नाही आणि धंदाही नाही. भजनी मंडळ, नाट्यसंस्था, गिर्यारोहकांचा क्लब, शाळेचा माजी विद्यार्थी संघ, यांचा रकानाच नाही. पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली १८७० साली. तेव्हापासून 'सार्वजनिक' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला, की गणपती सार्वजनिक, वाचनालय सार्वजनिक, सत्यनारायणसुद्धा सार्वजनिक. त्या शब्दाचा अर्थच असा, की हे कुणा एकाचं नाही, यातून कुणी नफा काढत नाही, आणि तरी हे चालवावं लागतं. दरपत्रकाच्या भाषेत या शब्दाला जागा नाही. आणि जागा नाही म्हटल्यावर कुठंतरी ढकललं जातं. वर्गणी घ्यायची म्हणजे पैशाचा व्यवहार आला, व्यवहार आला म्हणजे बिझनेस. सत्तरीच्या सभासदांची दोन-तीनशे रुपये वर्गणी हा 'बिझनेस' ठरतो, तो असा.

दुसरी बाजू आम्ही टाळणार नाही, कारण ती खरी आहे. प्लगिन ही खुंटीला अडकवलेली पिशवी म्हटलं खरं, पण ती पिशवी घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या घेऊन येते. वर्डप्रेसमध्ये प्लगिनला जवळजवळ मूळ प्रोग्रामइतकेच अधिकार असतात. ते सगळा डेटाबेस वाचू शकतं, पुसू शकतं. वर्डप्रेस डॉट कॉमच्या साध्या साइट्स एकाच प्रचंड व्यवस्थेवर एकत्र नांदतात. चाळीतल्या एका खोलीत कुणी हवं तसं वायरिंग केलं तर धूर सगळ्या मजल्यावर होणार. त्यामुळे २०१७ च्या ऑगस्टपर्यंत तिथल्या सर्वसामान्य ग्राहकाला बाहेरची प्लगिन्स लावताच येत नव्हती. त्या महिन्यात बिझनेस प्लॅनसाठी ती खुली झाली, आणि अशा साइट्स वेगळ्या, एकेकट्या व्यवस्थेत हलवायची सोय कंपनीनं केली. याला खर्च येतो. वर प्लगिन बिघडलं की ग्राहक प्लगिनवाल्याला विचारत नाही, होस्टिंगवाल्याला विचारतो. उत्तर द्यायला माणूस ठेवावा लागतो.

आम्ही स्वतः एका नाट्यसंस्थेच्या साइटवर एकतीस प्लगिन्स लावून ठेवली होती. त्यातलं एक त्याच्या लेखकानं तीन वर्षांपूर्वीच सोडून दिलेलं. एका सकाळी प्रयोगाच्या जाहिरातीच्या जागी परदेशी औषधांच्या जाहिराती दिसायला लागल्या. संस्थेच्या अध्यक्ष ताईंनी आम्हाला काय काय ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. त्या दिवशी आम्हाला प्लगिनबंदी फार शहाणपणाची वाटली होती.

तेव्हा खर्च आहे, धोका आहे, हे मान्य. आमचा आक्षेप रेघ कुठं ओढली जाते, यावर आहे. रेघ खर्चाच्या जागी असती तर ती खर्च बदलल्याशिवाय हलली नसती. पण २०२२ साली काय झालं बघा. मार्च संपून एप्रिल लागत असताना वर्डप्रेस डॉट कॉमनं आपले सगळे सशुल्क प्लॅन गुंडाळले आणि एकच 'प्रो' प्लॅन ठेवला. महिना १५ डॉलर, पण वर्षाचे १८० एकदम. त्यात प्लगिन्स होती. आदल्या दिवसापर्यंत प्लगिनसाठी महिना २५ डॉलरचा प्लॅन लागत होता. पण त्याच फटक्यात ४ आणि ८ डॉलरच्या खालच्या पायऱ्या काढून टाकल्या, आणि फुकट प्लॅनची जागा ३ जीबीवरून ५०० एमबीवर आणली. ओरड झाली. जागा १ जीबी झाली. जुलैत जुने प्लॅन परत आले, आणि प्लगिन पुन्हा २५ डॉलरच्या पायरीवर जाऊन बसलं.

चार महिन्यांत प्लगिनचा दरवाजा खाली आला आणि वर गेला. या चार महिन्यांत प्लगिन चालवायचा खर्च काही असा उतरला-चढला नव्हता. मग हलत काय होतं? लोक किती देतील याचा अंदाज. रेघ ओढली जाते ती गरज जिथे सुरू होते तिथे. डायरी लिहिणाऱ्याला प्लगिन लागत नाही. ज्या दिवशी साइट डायरी राहत नाही, तिच्यावर माणसं अवलंबून राहायला लागतात, नेमक्या त्या दिवशी ती रेघ आडवी येते. आणि तोवर तुमच्या नऊ वर्षांच्या सातशे नोंदी तिथे असतात. कार्यवाहांना नऊ वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं, 'वर्गणी घ्यायची वेळ आली की वीस हजार', तर त्यांनी तेव्हाच दुसरी वाट धरली असती. तसं सांगणारी ओळ दरपत्रकात होती म्हणा. अडतिसाव्या ओळीत, एका फुलीच्या रूपात.

"मग स्वस्त शेअर्ड होस्टिंग घ्या की, तिथे सगळी प्लगिन्स चालतात," असा सल्ला लगेच मिळतो. आम्हीही वाचनालयाला तोच दिला. कोणाचं होस्टिंग ते राहू द्या. पहिल्या वर्षी अठराशे रुपये. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला सहा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. ही युक्ती आता सर्वांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. मजा पुढे आहे. दरपत्रकात लिहिलेलं 'अमर्याद'. जागा अमर्याद, प्लगिन्स अमर्याद. पण खाली, अटींच्या पानावर, आयनोडची मर्यादा. आयनोड म्हणजे सोप्या भाषेत फाईलींची संख्या. जागा कितीही वापरा, पण फाईली अमुक इतक्याच. आणि एकेका प्लगिनच्या फाईली शेकड्यांनी असतात, मोठ्यांच्या हजारांनी. मग पीएचपीच्या मेमरीची मर्यादा. मग एका वेळी किती जण आत येऊ शकतात, याची मर्यादा. अमर्याद जेवणाचं ताट, फक्त वाटी चमच्याएवढी.

वाचनालयाची दिवाळी अंक योजना असते. ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक आळीपाळीनं घरी न्यायचे. तिची नोंदणी यंदा ऑनलाइन ठेवली. सकाळी दहा वाजता सुरू केली आणि दहा वाजून सहा मिनिटांनी साइटवर पाटी आली: ५०८, संसाधनांची मर्यादा संपली. एका वेळी आलेले लोक असतील तीस-चाळीस. परवानगी सगळ्या प्लगिन्सना होती, चालायला दम कुणालाच नव्हता. पहिल्या सेवेत दाराला कुलूप होतं, इथे दार उघडं आणि जिन्याला पायऱ्या नाहीत. दोन्हीकडे फलक मात्र 'स्वागत'चा.

काही होस्टिंग कंपन्या मधली वाट घेतात. वर्डप्रेससाठीच खास बनवलेलं महाग होस्टिंग, आणि त्यात चालणार नाहीत अशा प्लगिन्सची जाहीर यादी. डब्ल्यूपी इंजिनची अशी यादी प्रसिद्ध आहे. बॅकअपची, कॅशिंगची, डेटाबेसवर फार ताण आणणारी प्लगिन्स तिथे नको, आणि का नको तेही लिहिलेलं. ही पद्धत आम्हाला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. बंदी आहे, पण कारण देऊन आहे, आणि तुम्ही जास्त पैसे भरलेत म्हणून ती उठत नाही. धोका धोकाच राहतो.

पण त्याच कंपनीच्या ग्राहकांवर २०२४ साली वेगळाच प्रसंग आला. मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन यांचं सप्टेंबरात जाहीर भांडण पेटलं. ट्रेडमार्क, मुक्त प्रकल्पाला कोण किती हातभार लावतं, असे मुद्दे होते. त्या खटल्यात कोण बरोबर, हा आपला विषय नाही. आपला विषय २५ सप्टेंबरचा. त्या दिवशी डब्ल्यूपी इंजिनच्या सर्व्हरना वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या प्लगिन भांडाराचा रस्ता बंद झाला. म्हणजे तिथल्या साइट्सना नेहमीच्या वाटेनं प्लगिन्सचे अपडेट मिळेनात. दोन दिवसांनी थोडी सवलत, मग १ ऑक्टोबरला पुन्हा बंद. १२ ऑक्टोबरला डब्ल्यूपी इंजिनचंच एक प्लगिन, लाखो साइट्सवर चालणारं अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स, भांडारात ताब्यात घेऊन दुसऱ्या नावानं ठेवलं गेलं. अखेर १० डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन रस्ता पुन्हा खुला करायला लावला.

हे ऐकताना आम्हाला पहिल्यांदा कळलं, की ज्याला आपण सगळ्यांचं सामायिक भांडार समजत होतो, त्यालाही एक फाटक आहे आणि त्याची किल्ली एका माणसाच्या हातात आहे. यात ग्राहकानं वरचा प्लॅन घेतला होता की खालचा, याचा काहीच संबंध नव्हता. महागातला महाग प्लॅन घेतलेलेही बाहेरच उभे राहिले. म्हणजे प्लगिनपर्यंतच्या वाटेवर फाटकं दोन. एक दरपत्रकात दिसतं, दुसरं कुठल्याच दरपत्रकात नाही.

प्लगिनच्या आतही पायऱ्या आहेत. फुकटची 'लाइट' आवृत्ती, खरी सोय 'प्रो'मध्ये, आणि तुमच्याच डॅशबोर्डवर त्याच्या जाहिराती. त्यावर बोलायला दुसरं व्याख्यान लागेल.

कार्यवाह सरांना आम्ही हे सगळं सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, "वर्गवारी आम्हाला नवी नाही हो. आमचं वाचनालयच 'ब' वर्गातलं आहे." महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, आणि अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्गाप्रमाणे अनुदान. त्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत, त्यांत कार्यवाहही आहेत. पण 'ड' वर्गाच्या वाचनालयात गेलात तर पुस्तकं कमी मिळतील, समोरच्या कपाटातलं पुस्तक मात्र 'हे फक्त अ वर्गासाठी' म्हणून कुणी हातातून काढून घेत नाही. वाचकांच्या वर्गणीचंही तसंच. एका वेळी एक पुस्तक नेणार असाल तर कमी, दोन नेणार असाल तर जास्त. जितकं नेलं तितकं द्यायचं. मासिकांना वेगळी वर्गणी, दिवाळी अंकांना वेगळी, कारण ते वाचनालयाला दरवर्षी नव्यानं विकत घ्यावे लागतात. म्हणजे वर्गवारी आहे, पण तिच्या मागचा हिशेब काउंटरवर विचारला तर ग्रंथपालबाई सांगू शकतात. होस्टिंगच्या दरपत्रकाकडून आमची अपेक्षा साधारण एवढीच आहे. जागेचे पैसे घ्या, गर्दीचे घ्या, वेगळ्या खोलीचे घ्या, मदतीच्या माणसाचे घ्या. त्यांचा आकडा लिहा. परवानगीचे पैसे सोयीच्या नावाखाली घेऊ नका.

ही अपेक्षा भाबडी आहे, असं आमच्यातल्या एकीचं मत आहे. ती म्हणते, कंपनी म्हणजे वाचनालय नव्हे, आणि फुकट साइट्सचा खर्च वरच्या प्लॅनवाले भरतात म्हणूनच खालच्यांना नऊ वर्षं फुकट राहता येतं. बिझनेसवाल्याचे २५ डॉलर म्हणजे कुणाच्या तरी कवितांच्या ब्लॉगचं भाडं. मुद्दा खरा आहे. आम्हाला त्याचं पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल, की तो पोशिंदा म्हणून वाचनालयाला उभं करू नये, कारण ते कुणाला पोसण्याच्या स्थितीत नाही.

आता निघून जाण्याबद्दल. इथे वर्डप्रेसला श्रेय दिलं पाहिजे. फुकट प्लॅनवरूनही तुमचा सगळा मजकूर एका फाईलीत उतरवून घेता येतो आणि दुसऱ्या कुठल्याही वर्डप्रेसमध्ये चढवता येतो. सगळ्या सेवा हे देत नाहीत. मुक्त असण्याचा खरा उपयोग होतो तो असा, निघताना. पण मजकूर येतो, पत्ता येत नाही. फुकट साइटचा पत्ता सेवेच्या नावाखालचा असतो. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे पाठवायची सोय वर्डप्रेस डॉट कॉमवर आहे, पण तिला वर्षाचं शुल्क. ते भरायचं थांबलात की वाट बंद. आमच्या वाचनालयाचा जुना पत्ता नऊ वर्षांच्या निमंत्रणपत्रिकांवर छापलेला, दोन पीएचडी प्रबंधांच्या तळटीपांत गेलेला, आणि एका दिवंगत लेखकाच्या कुटुंबीयांनी तर स्मृतिग्रंथात दिलेला. छापील पानावरचा पत्ता कसा बदलणार? म्हणून आम्ही आता कुठल्याही संस्थेला पहिल्या भेटीत सांगतो: साइट फुकट प्लॅनवर नंतर बघू, आधी स्वतःचं डोमेन घ्या, संस्थेच्या नावावर घ्या, उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर नको. आणि दरपत्रक वाचताना पहिल्या वर्षाचा आकडा हातानं झाका.

वाचनालयाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. मजकूर सगळा हलवला, सातशेपैकी अकरा नोंदींची चित्रं हरवली, ती पुतणीनं जुन्या पेन ड्राइव्हवरून शोधून लावली. जुन्या पत्त्यावर एक नोंद ठेवली आहे, 'आम्ही इकडे आहोत' अशी. दिवाळी अंकांची नोंदणी पुन्हा टेबलावर, वहीत. आणि वर्गणीसाठी प्लगिन लावलंच नाही. वाचनालयाच्या बँक खात्याचा यूपीआय क्यूआर आहे, त्याचं चित्र एका पानावर टाकलं. चित्र टाकायला कुठल्याच प्लॅनमध्ये बंदी नाही. पैसे भरणारा पावतीचा स्क्रीनशॉट कार्यवाहांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि ग्रंथपालबाई सभासदाच्या पानावर तारीख घालून सही करतात. परदेशातून भरणाऱ्यांची अडचण अजून सुटलेली नाही. त्यांचे आई-वडील सध्या शेजाऱ्यांकडून भरून घेतात.

आता प्रश्न घेऊ. तिसऱ्या रांगेतल्या काकूंचा हात मघापासून वर आहे.